कडलपासीची कंजी

अड्यार, मद्रास
१० जून १९६३

ती. सकवारअक्कांस हेमावतीचा साष्टांग नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, याचे कारण शाळा नव्हे. शाळा अजून उघडायची आहे. तुम्हाला कळवायचे की नाही, याचाच विचार करत बसले होते. काल जेवताना हे म्हणाले, "अक्काला लिहिलंस का? नाहीतर मीच लिहितो." तुमच्या भावाचे पत्र म्हणजे तारच असते. चार शब्दांत तुम्हाला घाबरवून सोडतील, म्हणून मीच लिहिते.

माझ्या गळ्याला पुढून, उजव्या बाजूला, एक गाठ आली आहे. आवळ्याएवढी असेल. दुखत नाही, त्यामुळे मला तिचा पत्ताही नव्हता. वैशाखात एकदा मी तांब्या उंच धरून वरून पाणी पीत होते. समोर बसलेले हे एकदम म्हणाले, "हेमा, तुझ्या गळ्यात काहीतरी वरखाली होतंय." आरशासमोर उभे राहून पुन्हा पाणी प्याले, तेव्हा मलाही दिसले.

गळ्यात थायरॉइड नावाची ग्रंथी असते, तिला ही गाठ धरली आहे असे डॉक्टर म्हणतात. पहिली परीक्षा झाली. उपाशीपोटी निजवतात, नाकाला चिमटा लावतात, तोंडात नळी देतात, आणि टाकीतली हवा आपण किती ओढतो ते कागदावर उमटते. हलायचे नाही, बोलायचे नाही. कनका बरोबर आली होती. ती दारातून कुजबुजली, "अम्मा, तू कपडे वाळत घालायच्या दोरीवर टांगल्यासारखी दिसतेस." मला हसू फुटले आणि सगळे पहिल्यापासून करावे लागले. त्या परीक्षेत काही वावगे निघाले नाही. पण गाठ कसली आहे, हे तिने कळत नाही म्हणे. त्यासाठी दुसरी परीक्षा आहे.

गाठ कशाकशाची असू शकते, तेही डॉक्टरांनी सांगितले. ते लिहिण्यासारखे नाही. तुम्ही काळजी करू नका.

तुमची,
हेमा


तंजावर
१८ जून १९६३

चि. सौ. हेमावतीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोंचलें. तिण्णैवर, दाराच्या ओट्यावर, बसून वाचलें आणि बसूनच राहिलें, काफी निवून गेली. लिहिण्यासारखें नाहीं म्हणून जें गाळलेंस तेंच मीं आधीं वाचलें. त्या रोगाचें नांव मीही लिहीत नाहीं.

एक गोष्ट तुझ्या पदरांत बांधतें. सुरीखालीं मान द्यावयाची नाहीं. माझे यजमान हंबीरराव, त्यांचें तुला ठाऊक आहे. पोटांत गांठ आहे, काढून टाकूं, म्हणाले. आपल्या पायांनीं चालत गेले, वाटेंत मजला म्हणाले, "सकू, सांजेला रव्याची खीर कर." सांजेला चादरींत गुंडाळून आणले. मी त्या दिवशीं नको म्हटलें असतें तर? असो.

शेजारचा वेंकोबा मद्रासेस येतो आहे, त्याच्या हातीं एक पिशवी पाठवितें आहें. आंत कडलपासी आहे. मंडपमच्या किनाऱ्याकडची बाई दर सालीं आणते, समुद्रांतलें शेवाळ, उन्हांत वाळविलेलें. तीन पाणी धुवून तांदळाच्या कण्यांबरोबर शिजव आणि कंजी कर. सकाळीं उपाशीपोटीं एक पेला आणि सांजचा एक. दत्ता लहान असतां त्याचा गळा सुजला होता, तो मीं ह्याच कंजीनें उतरविला. वास येईल, नाक धरून पी. हें औषध नव्हे, अन्न आहे. डॉक्टरांस कांहीं सांगावयाला नको. त्यांना हंसायला एक निमित्त कशाला?

दत्तास, माझ्या भावास, वेगळें लिहिलें आहे.

सकवारबाई


अड्यार
७ जुलै १९६३

ती. अक्कांस सा. न.

पिशवी मिळाली. वेंकोबा दारात उभा राहिला तेव्हा शेजारच्या मामी बाहेर येऊन म्हणाल्या, "काय हो, मासेबिसे आणलेत की काय?" दोन्ही वेळा कंजी घेते आहे. कनका तेवढा वेळ अंगणात जाऊन बसते. वास येतो, पण तुमच्या हाताने निवडलेली आहे हे पिताना मनात असते आणि मग ती घशाखाली उतरते.

दुसऱ्या परीक्षेचे सांगते. त्या विभागाच्या डॉक्टर विद्युलता म्हणून आहेत, पुण्याच्या. यजमानांची बदली झाली म्हणून मद्रासला आल्या. माझे नाव वाचून त्या मराठीतच बोलू लागल्या, आणि माझे दोन शब्द ऐकल्यावर डोळे मोठे करून म्हणाल्या, "अहो, तुम्ही तर बखरीतलं मराठी बोलता!"

मी म्हटले, "आणि तुम्ही गाडी सुटत असल्यासारखं."

हसल्या, आणि मग सावकाश समजावून सांगितले. आपल्या अन्नात आयोडीन नावाचा पदार्थ थोडा थोडा असतो. ही ग्रंथी तो ओढून घेते, जणू पितेच. म्हणून तसेच आयोडीन, पण जिथे जाईल तिथून खुणा करणारे, पाण्यातून पाजतात. दुसऱ्या दिवशी मानेजवळ नळीसारखे यंत्र धरतात. जिथे आयोडीन गेले असेल तिथे ते टकटक वाजते. चांगला भाग पितो. गाठ पीत नसेल तर तिच्यावर शंका घ्यायची. हे आयोडीन मुंबईहून विमानाने येते आणि फार दिवस टिकत नाही, म्हणून दिवस नेमून देतात. माझा दिवस याच महिन्याच्या शेवटी शेवटी आहे.

तिथल्या माणसाने तमिळमध्ये विचारून घेतले, खोकल्याचे औषध, टिंक्चर, कसली सुई, नाडीवैद्याचे काही? मी म्हटले, कसलेही औषध घेतलेले नाही. आणि ते खरेच आहे.

तुमची,
हेमा


अड्यार
२९ जुलै १९६३

ती. अक्कांस सा. न.

परीक्षा झाली, पण पुरती झाली नाही. मुंबईहून आलेले आयोडीनचे पाणी म्हणे कमी जोराचे होते. पुन्हा मागवायचे, आणि मधे थोडा काळ जाऊ द्यायचा. सप्टेंबरात पुन्हा बोलावले आहे.

कडलपासी भरपूर उरली आहे, आता आणखी पाठवू नका. मला बरे वाटते. गाठ हाताला थोडी मऊ लागते, असे मला वाटते.

शाळेत यंदा सातवीचा भूगोल माझ्याकडे आहे. मुली विचारतात, टीचर, तुम्ही गळ्याशी पदर का धरता? मी म्हणते, वारा लागतो.

तुमची,
हेमा


तंजावर
६ ऑगस्ट १९६३

चि. सौ. हेमावतीस अनेक आशीर्वाद.

तुझें पत्र तीन वेळां वाचलें. गांठ मऊ झाली! मी म्हटलें नव्हतें? पाणी कमी जोराचें होतें म्हणे. अग, कंजीचा जोर अधिक झाला म्हणून त्यांचें यंत्र हरलें! त्यांना कबूल करावयाला लाज वाटते, इतकेंच.

किती सालांनीं ह्या घरांत मला हंसूं आलें. बृहदीश्वराच्या देवळांत जाऊन पेरियनायकी देवीला साडी चढविली. वाटेंत भेटेल त्याला सांगितलें.

तूं नको म्हटलेंस तरी पिशवी पाठवितें, ह्या खेपेस दुप्पट. दत्तास लिहिलें आहे कीं आतां सुरीचें नांव कोणी काढलें तर त्याला माझ्याकडे पाठव. सही मागितली तर द्यावयाची नाहीं. तो माझा शब्द मोडणार नाहीं हें तूं जाणतेस.

सकवारबाई


अड्यार
२० सप्टेंबर १९६३

ती. अक्कांस सा. न.

हे पत्र मी दोनदा फाडले. आज पुरे करून कनकाच्या हाती पेटीत टाकायला देणार आहे, म्हणजे परत घेता येणार नाही.

जुलैत मी तुम्हाला खोटे लिहिले. मुंबईहून आलेले पाणी कमी जोराचे नव्हते. ते चांगलेच होते. ते पिऊन मी दुसऱ्या दिवशी गेले, निजले, डॉक्टर विद्युलतांनी मानेजवळ नळी धरली, आणि यंत्र जवळजवळ वाजलेच नाही. उजवीकडे नाही, डावीकडे नाही. त्यांनी नळी तपासली, दुसऱ्या बाईंच्या मानेवर धरून पाहिली, तिथे ते टकटक वाजले. परत माझ्याजवळ आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

"तुमच्या ग्रंथीने काही घेतलंच नाही. म्हणजे ती आधीच भरलेली आहे. हेमाताई, तुम्ही काय औषध घेता?"

"कसलंही नाही."

"बरं, औषध राहू द्या. सकाळी उठल्यावर काय पोटात जातं ते सांगा. पहिल्या घोटापासून."

मी सांगितले, कंजी. कसली? कडलपासीची. त्यांना तो शब्द कळला नाही. समुद्रातले शेवाळ म्हटले, तशी त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. 

"समुद्राच्या शेवाळात आयोडीन किती असतं, ठाऊक आहे? तुम्ही रोज दोन पेले ग्रंथीला पाजलंत. तहानच उरली नाही तिला, तर माझं ती काय पिणार?" मग म्हणाल्या, "कोणी दिलं?"

मी म्हटले, "घरचं अन्न आहे."

"घरच्या अन्नानंच आमची परीक्षा बुडवली. आता सात-आठ आठवडे थांबायचं. ते शेवाळ बंद. आणि तोवर गाठ काय आहे ते मला सांगता येणार नाही."

अक्का, घरी येऊन मी तुम्हाला खरे लिहायला बसले होते. पण डोळ्यांपुढे तुम्ही येत होता, तिण्णैवर सूप घेऊन शेवाळातला एकेक शंखाचा तुकडा वेचणाऱ्या. त्या हातांना नावे ठेवणे मला जमले नाही. आणि पुढे गाठ मऊ लागते असेही लिहून गेले. ती कधीच मऊ नव्हती. तुम्हाला बरे वाटावे म्हणून मी लिहिले. त्यावर तुम्ही देवीला साडी चढवलीत, हे वाचून मी न्हाणीघरात जाऊन दार लावून घेतले.

कंजी मी त्याच दिवशी बंद केली. तुमची दुसरी पिशवी माळ्यावर तशीच आहे.

गेल्या सोमवारी परीक्षा पुन्हा झाली. या वेळी यंत्र वाजले. मानेवर चौकोन आखलेला कागद धरून त्या नळी एकेक घर सरकवत होत्या. मला आकड्यांतले काही कळत नाही, पण ऐकू येते. डावीकडे टकटक इतकी दाट की दोन आवाजांत फट नाही. मग नळी मध्यावरून उजवीकडे आली. गाठीवर आली. आणि सगळे शांत झाले. एखादाच टक, मग पुन्हा काही नाही. मी छताकडे पाहत होते. त्यांनी नळी उचलली नाही, तशीच धरून ठेवली, जणू आणखी एक आवाज येतो का त्याची वाट पाहत होत्या.

नंतर म्हणाल्या, "अशा गाठी बहुतेक साध्याच निघतात. पण काही निघत नाहीत. यंत्र शंका दाखवतं, निकाल देत नाही. गाठ काढून, तिचा पातळ काप करून काचेवर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तरच कर्करोग आहे की नाही ते कळेल. आणि थांबायला आता वेळ नाही."

तो शब्द मी लिहिला. तुम्ही लिहू नका, पण मला लिहायला हवा होता.

ऑपरेशनच्या कागदावर नवऱ्याची सही लागते. हे तो कागद पुढ्यात घेऊन बसले आणि म्हणाले, "अक्का म्हणते गाठ मऊ झाली. तूच तसं लिहिलं होतंस ना?"

"लिहिलं होतं. खोटं लिहिलं होतं." आणि मी सगळे सांगितले.

हे कितीतरी वेळ कागदाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "आई गेली तेव्हा मी रांगत होतो. तिनं मला वाढवलं. तिनं नको म्हटलेल्या कागदावर माझा हात चालणार नाही, हेमा. आणि तिचीच कंजी नडली, हे मी तिला कोणत्या तोंडानं सांगू?"

मी रागाने म्हटले, "मग मी मेल्यावर सांगा." कधी नव्हे ते बोलले. हे उठून बाहेर गेले.

म्हणून मी सांगते आहे. तुम्ही माझे वाईट केले नाही. तुम्ही अन्न पाठवले आणि मी ते आनंदाने खाल्ले. पण मला ही गाठ काढून घ्यायची आहे. हंबीररावांचे मला ठाऊक आहे, आणि मी चादरीत गुंडाळून येणार नाही असे वचन मला देता येत नाही. मला कनकासाठी जगायचे आहे. माझ्यासाठीही जगायचे आहे, हे लिहायला लाज वाटते, तरी लिहिते. तुमच्या शब्दाशिवाय यांचा हात चालत नाही. तो शब्द द्या.

तुमची,
हेमा


तंजावर
२४ सप्टेंबर १९६३

चि. सौ. हेमावतीस आशीर्वाद.

सही कर म्हणून दत्तास तार केली. तारेच्या कारकुनाकडून दोन वेळां वाचून घेतली.

बाजारांत ज्यांना ज्यांना सांगितलें होतें, त्यांना जाऊन सांगून आलें कीं तें खरें नव्हतें.

मंगळवारच्या गाडीनें येत आहें. कनकाचें आणि दत्ताचें जेवण मी बघीन. पिशवी माळ्यावर आहे म्हणतेस, तिला हात लावूं नको, मी येऊन तिचें काय तें करीन.

तूं खोटें लिहिलेंस ह्याचा राग नाहीं. मी तें खरें धरून नाचलें ह्याचा आहे.

एक पुसतें, आणि ह्या खेपेस मला बरें वाटावें म्हणून उत्तर देऊं नको. हे जे दोन महिने गेले, त्यांत गांठीनें काय केलें?

सकवारबाई


स्त्रियांचा वॉर्ड
१४ ऑक्टोबर १९६३

ती. अक्कांस सा. न.

एकाच गावात असून तुम्हाला पत्र लिहिते आहे. ऑपरेशनच्या दिवशी तुम्ही दिवसभर बाहेरच्या झाडाखाली बसून होता, असे नर्सने सांगितले. नंतर मात्र तुम्ही आला नाहीत. डब्यात रोज तुमच्या हातचे सार येते, आणि हे म्हणतात, "अक्का म्हणते घर सोडून कशी येऊ?" घर काय पळून जाते?

माझा आवाज अजून बसलेला आहे, बोलले तर खरखर येते. परत येईल म्हणतात, कदाचित पहिल्यासारखा नाही. म्हणून लिहून देते. हे चिठ्ठी आणतील, पण पाकीट चिकटवले आहे. आधी तुम्ही वाचा.

काचेचा निकाल सकाळी आला. डॉक्टर विद्युलता मुद्दाम वर आल्या. त्यांचे हे काम नाही, तरी आल्या. कर्करोगच आहे. त्यातला सावकाश वाढणारा प्रकार आहे, आणि गाठ पुरती निघाली आहे. पण मानेत सगळ्यांनाच ज्या छोट्या गाठोळ्या असतात, त्यांतल्या एकीतही तो सापडला. तीही त्याच वेळी काढली आहे. पुढे मला तेच आयोडीन पुन्हा प्यायचे आहे, या वेळी परीक्षेसाठी नाही, उरलेसुरले जाळण्यासाठी. पुष्कळ बायका यातून वर्षानुवर्षे जगतात असे त्या म्हणाल्या. "पुष्कळ" म्हणाल्या, "सगळ्या" म्हणाल्या नाहीत. ते माझ्या लक्षात आले.

तुमचा प्रश्न मी त्यांना पाटीवर लिहून विचारला. त्यांनी वाचला. पाटी परत दिली नाही, हातातच ठेवली. म्हणाल्या, "या जातीची गाठ फार सावकाश चालते. दोन महिन्यांनी फरक पडला नसावा. पण त्या छोट्या गाठोळीत रोग त्या दोन महिन्यांत शिरला की त्याआधी, हे काचेवर लिहिलेलं नसतं, हेमाताई. मी नाही म्हणू शकत नाही."

एवढेच उत्तर आहे. मी त्यात काही घातले नाही आणि काही काढले नाही. तुमच्यापुढे दुसरे खोटे ठेवण्यापेक्षा हे ठेवते. मलाही याच्यासोबत राहायचे आहे, तुम्हालाही. वेगवेगळ्या घरांत बसून आपल्याला ते जमणार नाही.

यांना मी अजून निकाल सांगितलेला नाही. सकाळपासून ते माझ्या तोंडाकडे पाहतात आणि मी गळ्याकडे बोट दाखवून बोलता येत नाही म्हणते. माझ्याकडून त्यांना ते ऐकवणार नाही. तुमच्याकडून ऐकतील. शेजारी बसवून सांगा, जेवणानंतर सांगा. ते रडले तर कनकाला दुकानात पाठवा.

आणि मग या. भेटायची वेळ चार ते सहा आहे. खाटेपाशी एकच स्टूल आहे, त्यावर तुम्ही बसा. हे उभे राहतील.

तुमची,
हेमा